‘अंधुक’ : एका शब्दाचा अर्थ व उपयोग



दर वर्षीं तुमच्या निबंधांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट माझ्या नजरेस येते. सायंकाळ, पावसाळी दिवस, जुना किल्ला किंवा आजीची आठवण, विषय कोणताहि असो, त्यांत ‘अंधुक’ हा शब्द कोठें तरी येतोच; आणि पुष्कळदां तो आपल्या जागीं नसतो. कोणी लिहितो, ‘शिलालेखाचीं अक्षरें अंधुक झालीं आहेत.’ कोणी लिहितो, ‘दुरून अंधुक आवाज आला.’ कोणी तर अंधार, काळोख व अंधुक हे तिन्ही शब्द एकाच ओळींत असे ओवतो कीं, जणूं तीं एकाच माणसाचीं तीन नांवें आहेत. ह्या शब्दाचा अर्थ काय, तो कोठें योजावा व कोठें योजूं नये, हें सांगण्यासाठीं मी हा लेख लिहीत आहें. परंतु प्रथमच कबूल करतों कीं, त्याचा खरा अर्थ मला कोशांतून कळला नाहीं. तो मला एका विद्यार्थ्यानें शिकविला, आणि तोहि माझी चूक माझ्या पदरांत घालून. ती हकीकत शेवटीं येईल. आधीं शब्दाची ओळख करून घेऊं.

‘अंधुक’ शब्दाच्या पोटांत संस्कृत ‘अंध’ हा शब्द आहे. अंध म्हणजे आंधळा. ‘अंधकार’ म्हणजे आंधळें करणारा. हाच अंधकार प्राकृतांत ‘अंधआर’, ‘अंधयार’ अशीं रूपें घेत मराठींत ‘अंधार’ होऊन आला. आंधळा, अंधारणें, अंधारी, अंधुक हीं सर्व एकाच कुळांतलीं भावंडें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरा. ह्या कुळाचा मूळपुरुष प्रकाशाविषयीं कांहींच बोलत नाहीं. तो डोळ्याविषयीं बोलतो. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, असें पदार्थविज्ञान सांगेल. पण शब्द सांगतो कीं, डोळ्यास जो निकामी करतो तो अंधार. उन्हांतून चालतांना घेरी आली तर ‘डोळ्यांपुढें अंधारी आली’ असें आपण म्हणतों. त्या वेळीं बाहेर लख्ख ऊन असतें. अंधार असतो तो डोळ्यांत. संस्कृतांतील ‘तिमिर’ शब्दाचीहि हीच गोष्ट आहे. काव्यांत तिमिर म्हणजे काळोख. पण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ‘तिमिर’ हें एका नेत्ररोगाचें नांव आहे. ‘काळोख’ हा शब्द मात्र ‘काळा’ ह्या रंगाच्या घरचा. तो बाहेर पसरलेल्या काळेपणाचें वर्णन करतो.

व्याकरणदृष्ट्या अंधार व काळोख हीं नामें आहेत. अंधुक हें विशेषण आहे, आणि क्रियापदाजवळ आलें म्हणजे तें क्रियाविशेषण होतें. तें लिंगवचनानें बदलत नाहीं : अंधुक उजेड, अंधुक वाट, अंधुक चित्र. ‘अंधार पडला’ असें आपण म्हणतों. ‘अंधुक पडला’ असें कोणी म्हणत नाहीं. कांहीं तरी अंधुक दिसावें लागतें. ह्या लहानशा नियमांतच शब्दाचा सारा स्वभाव आहे. अंधार पडला कीं पाहणें संपलें. अंधुक म्हणण्यास मात्र पाहणारा हवा, पाहण्याची वस्तु हवी आणि थोडा तरी उजेड हवा. म्हणून अंधुक म्हणजे थोडा अंधार नव्हे. अंधुक म्हणजे थोडें दिसणें.

आपल्या जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यांतून ह्या थोड्या दिसण्याच्या वेळेस किती तरी नांवें कानीं पडतात. दिवस मावळला कीं तिन्हीसांजा झाल्या, दिवेलागण झाली. मग कोणी म्हणतो ‘कडूसं पडलं’, कोणी म्हणतो ‘झाकड पडली’. तेवढ्यांत गुरें गोठ्यांत आलीं पाहिजेत, सरपण घरांत आलें पाहिजे. त्यानंतर अंधार, आणि अवसेची रात्र असली तर डोळ्यांत बोट घातलें तरी दिसणार नाहीं असा मिट्ट काळोख. पहाटे हीच शिडी उलट चढावयाची : झुंजुमुंजू झालें, तांबडें फुटलें, फटफटीत उजाडलें. हे शब्द गांवंढळ म्हणून टाकूं नका. त्यांतील प्रत्येक शब्द किती दिसतें आणि त्या उजेडांत कोणतें काम उरकतां येईल, हें सांगतो. ‘किर्र अंधार’ हा प्रयोग पाहा. किर्र हा रातकिड्यांचा आवाज. जेथें डोळा थांबतो तेथें कान कामाला लागतो, हें त्या दोन अक्षरांनीं अचूक सांगितलें आहे.

आतां अंधुकच्या शेजाऱ्यांकडे वळूं. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेशीं त्याचा संबंध जोडतात, आणि त्यांत यज्ञांच्या दक्षिणांचे जे आंकडे आहेत ते आपल्या देशांतील अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांपैकीं गणले जातात. दोन हजार वर्षांच्या वाऱ्यापावसानें त्याचीं अक्षरें झिजलीं आहेत. भर दुपारीं, निरोगी डोळ्यानें पाहिलें तरी तीं नीट लागत नाहींत. येथें उणीव वस्तूंतच आहे. म्हणून तीं अक्षरें ‘पुसट’ म्हणावीं. पुसट हा शब्द ‘पुसणें’ ह्या क्रियापदापासून झाला आहे. श्रावणांत माळशेज घाटांत किंवा भीमाशंकराच्या रानांत ढग खालीं उतरतात आणि समोरचा कडा नाहींसा होतो. कडा होता तसाच आहे, डोळाहि बरा आहे. उणीव मधल्या हवेंत आहे. तेथें ‘धूसर’ हा शब्द योग्य. वीज गेल्यावर लावलेल्या कंदिलांतील तेल संपत आलें म्हणजे वात मिणमिणूं लागते. ही उणीव दिव्याची. तेथें ‘मंद’ किंवा ‘मिणमिणता’ म्हणावें. रंग उडाला असेल तर ‘फिकट’. आवाज नीट ऐकूं येत नसेल तर ‘अस्पष्ट’. कारण अंधुक हा शब्द डोळ्याचा आहे, कानाचा नव्हे.

ह्या सर्व उणिवांचा परिणाम ज्या ठिकाणीं पोंचतो त्या ठिकाणचें नांव अंधुक. मंद दिव्यापाशीं पुस्तक अंधुक दिसतें. धूसर हवेंत डोंगर अंधुक दिसतो. आणि मोतीबिंदु झालेल्या आजोबांना भर उन्हांत नातवाचा चेहरा अंधुक दिसतो. मोतीबिंदु झालेल्या माणसाचा दिवा मंद नसतो, नातू पुसट नसतो, हवा धूसर नसते. तरी दिसणें मात्र अंधुक. माझीच गोष्ट सांगतों. चाळिशी लागली तेव्हां कांहीं महिने मी छापखान्यांना नांवें ठेवीत होतों, कीं हल्लीं शाई पातळ वापरतात. शाई होती तशीच होती.

मनाच्या डोळ्यासहि हाच शब्द लागतो. पुसट आठवण व अंधुक आठवण हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. परंतु ते एक नव्हेत. ज्या गांवावरून आपल्या शेजारच्या तालुक्यास नांव मिळालें तें मूळ आंबेगांव घोड नदीवरील डिंभें धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याचें कामकाज घोडेगांवाहून चालतें. त्या गांवीं बालपण घालविलेल्या वृद्धास विचारा. एखाद्या शेजाऱ्याचें नांव आठवतां आठवत नसेल, तर ती आठवण पुसट झाली; काळानें ती झिजविली. पण आळीचें वळण, देवळाची पायरी, नदीचा उतार डोळ्यांपुढें उभा राहतो आणि तरी नीट दिसत नाहीं, तेव्हां ती आठवण अंधुक. जें पुसट झालें तें परत येणें कठीण. जें अंधुक आहे तें तेथें आहेच. उजेड वाढला तर तें दिसेल. लिहितांना हा भेद मनांत ठेवाल तर तुमचें वाक्य आपोआप नेमकें होईल.

सायंकाळची ही अंधुक वेळ किती असते, ह्याचा हिशेबहि करतां येतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासास १५ अंश, आणि २४ मिनिटांच्या एका घटकेस बरोबर ६ अंश. ज्योतिर्विदांनीं संधिप्रकाशाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. सूर्य क्षितिजाखालीं ६ अंश जाईपर्यंत पहिली, १२ अंशांपर्यंत दुसरी व १८ अंशांपर्यंत तिसरी. पहिल्या पायरींत आकाश निरभ्र असल्यास बाहेरचीं कामें दिव्यावांचून करतां येतात. तिसरी संपली म्हणजे पूर्ण रात्र. जुन्नर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें सूर्य येथें बराचसा सरळ खालीं उतरतो, आणि पहिली पायरी एका घटकेच्या आसपास संपून जाते. लंडन शहरीं जून महिन्यांत तीच पाऊण तास चालते. तेव्हां इंग्रजी गोष्टींतील लांबलेली संध्याकाळ आपल्या निबंधांत उतरवूं नका. आपली सांज घटकाभराची आहे.

त्या घटकेंत डोळ्यांत मोठें स्थित्यंतर घडतें. आपल्या नेत्रपटलावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या उजेडांत काम करतात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीं, पण फार थोड्या प्रकाशांत त्या पाहूं शकतात. दिवस बुडाला कीं पहिल्या पेशी काम सोडतात व दुसऱ्या तें हातीं घेतात. हा बदल पुरा होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. अंगणांत तांबडी जास्वंद असेल तर तिन्हीसांजेस तिच्याकडे पाहत बसा. फूल आधीं काळें पडतें, पानें त्यानंतरहि कांहीं वेळ उजळ राहतात. बोहेमियांतील शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. ज्या द्रव्याच्या बळावर दंडपेशी अंधुक उजेडांत पाहतात त्यास ऱ्होडॉप्सिन म्हणतात. आणि तें तयार होण्यास शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व लागतें. तें कमी पडलें तर दिवसा सर्व ठीक दिसतें, पण सांज होतांच दिसेनासें होतें. ह्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतों.

सारांश, अंधार किती हें पाहणाऱ्या डोळ्यावर अवलंबून आहे. आपल्या भागांत ह्याचीं दोन उदाहरणें घरच्या घरीं आहेत. जुन्नर तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर आहे. माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्रहि आहे. बिबट्याच्या नेत्रपटलामागें आरशासारखा एक थर असतो. तो आलेला प्रकाश परत पटलावर पाठवितो. म्हणून आपणांस जें अंधुक तें त्याला बरेंच स्पष्ट. कडूसं पडल्यावर लहान मुलांना एकटें बाहेर सोडूं नये, असें वडील माणसें सांगतात त्याचें कारण हें. दुसरें उदाहरण नारायणगांवजवळ खोडद येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीचें. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिच्यांत आहेत. आकाशाच्या ज्या कोपऱ्यांत आपल्या डोळ्यास काळोखाशिवाय कांहीं नाहीं, तेथून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते; आणि तिला रात्र व दिवस सारखेच.

आतां ती हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम डोंगरांतून आलेला एक मुलगा होता. अबोल, पण अभ्यासांत बरा. ‘आमच्या गांवची सायंकाळ’ असा निबंध मीं घातला होता. त्यानें लिहिलें होतें कीं, सूर्य डोंगराआड जातांच अंधार होतो. मग चुलींचा वास येतो, गुरांच्या घंटा ऐकूं येतात, आणि घरीं जातांना भावाचा हात धरावा लागतो. बाकीच्या मुलांनीं रंगीत ढग, परतणारीं पाखरें, पहिली चांदणी असें सर्व लिहिलें होतें. ह्याच्या निबंधांत पाहण्याची गोष्ट एकहि नव्हती. मीं ‘अंधार’ शब्दावर तांबडी रेघ ओढली, वर ‘अंधुक’ असें लिहिलें, दहापैकीं चार गुण दिले आणि खालीं शेरा मारला : ‘निरीक्षण नाहीं.’

वही देतांना मीं त्याला सांगितलें, ‘अरे, सूर्य मावळला म्हणजे लगेच अंधार होत नाहीं. आधीं अंधुक दिसतें.’ तो खालीं मान घालून म्हणाला, ‘सर, कडूसं पडलं का मला अंधारच व्हतो.’ वर्ग हंसला. मींहि हंसलों. मला वाटलें, ह्याला शब्दांतला भेद कळत नाहीं.

पुढें सहलीसाठीं आम्ही लेण्याद्रीस गेलों. डोंगर चढून मुलें उन्हांतून एका लेण्यांत शिरलीं आणि आंतल्या बाजूच्या खोलींत गेलीं. प्रथम कोणालाच कांहीं दिसेना. मीं म्हटलें, ‘थोडा वेळ थांबा, डोळे निवळूं द्या.’ पांचसात मिनिटांत एकजण म्हणाला, ‘सर, दगडी ओटा दिसला.’ दुसऱ्यास भिंत दिसली, तिसऱ्यास छत. हळूहळू सर्व मुलें इकडे तिकडे फिरूं लागलीं. हा एकटा दाराशीं भिंतीवर हात टेकून उभा होता. मीं विचारलें, ‘तुला काय दिसतें?’ तो म्हणाला, ‘अजून अंधारच आहे, सर.’

त्या क्षणीं मला त्याचा निबंध आठवला. चुलीचा वास, घंटांचा आवाज, भावाचा हात. त्यानें जें जाणलें तें सर्व खरें व नेमकें लिहिलें होतें. डोळा जेथें थांबला तेथून पुढें नाक, कान व हात ह्यांनीं त्यानें सायंकाळ पाहिली होती. निरीक्षण त्याचें नव्हे, माझें चुकलें होतें. सबंध वर्गांत त्याच एका मुलानें शब्द बरोबर वापरला होता, आणि त्याचाच शब्द मीं खोडला होता.

दुसऱ्याच दिवशीं मीं त्याच्या वडिलांस बोलावून घेतलें व आम्ही त्याला दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं डोळे तपासले, खाण्यापिण्याची विचारपूस केली. त्याला मागें पुष्कळ दिवस जुलाबाचें दुखणें झालें होतें, आणि तेव्हांपासून जेवण भात-भाकरीवरच होतें. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानें आहे, असें त्यांनीं सांगितलें. आपल्या देशांत १९७० सालापासून लहान बालकांना ह्या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम आहे. ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत ते दिले जातात. तरी एखादें मूल राहून जातें, किंवा मोठेपणीं दुखण्यानें अंगांतला सांठा संपतो. वेळीं लक्ष न दिल्यास डोळे कोरडे पडतात, बुबुळास इजा होते आणि दृष्टि कायमची जाऊं शकते. आनुवंशिक रातांधळेपणाहि असतो, व तो अशा डोसानें बरा होत नाहीं; म्हणून परीक्षा डॉक्टरांकडूनच करवावी. ह्या मुलाचा दोष बरा होण्यासारखा होता. त्याला डोस दिले, आणि शेवग्याचा पाला, माठ, पपई, दूध, अंडीं जेवणांत आलीं.

कांहीं दिवसांनीं दिवेलागणीच्या सुमारास मी शाळेच्या पटांगणांत उभा होतों. तो धांवत माझ्याकडे आला. धांवत आला, हेंच मला प्रथम नवल वाटलें; कारण त्या वेळेस तो कधीं चालतहि नसे. धापा टाकीत म्हणाला, ‘सर, आज अंधुक दिसलं. विहिरीपाशी कोण हाय ते नाही कळलं, पर कोण तरी हाय ते दिसलं.’

अंधुक ह्या शब्दाचा ह्याहून चांगला अर्थ मला कोणत्याहि कोशांत सांपडलेला नाहीं. तोपर्यंत मी त्यास उणिवेचा शब्द समजत होतों. ज्याला कांहींच दिसत नव्हतें त्याच्या तोंडून तो आला तेव्हां तो लाभाचा शब्द आहे असें मला कळलें. मीं त्याची वही परत मागून घेतली, आपला शेरा खोडला आणि गुण बदलून दिले.

तेव्हां, मित्रहो, लिहितांना आधीं स्वतःस विचारा : उणीव वस्तूंत आहे, हवेंत आहे, दिव्यांत आहे, कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत? उत्तराप्रमाणें पुसट, धूसर, मंद किंवा अंधुक हा शब्द आपण होऊन पुढें येईल. आणि तुमचा एखादा सोबती सायंकाळीं खेळ सोडून कडेला बसत असेल, वाटेंत ठेंचाळत असेल, कोणाचा तरी हात धरून चालत असेल, तर त्याला भित्रा अगर आळशी म्हणूं नका. ‘तुला काय दिसतें?’ एवढेंच विचारा, आणि तो जें सांगेल तें वडील माणसांच्या कानावर घाला.